पगार, भाडं आणि रात्रीचा फोन: देणगीदार न्यासांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

विश्वस्तहो,
सप्रेम नमस्कार.

घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना तुम्ही पैसे देता. मी अशाच एका संस्थेत समुपदेशक आहे. माझा निम्मा वेळ फोनवर, भेटींत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात जातो, उरलेला तुम्हाला पाठवायचे प्रस्ताव आणि अहवाल लिहिण्यात. त्यामुळे पैसा कुठून येतो आणि प्रत्यक्षात कुठे लागतो, हे दोन्ही मला जवळून दिसतं. या दोहोंत फार अंतर पडलं आहे, आणि त्याची किंमत तुम्ही किंवा मी नाही, तिसरंच कुणीतरी मोजतं. म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. माणसांच्या पगाराला पैसे द्या, एका वर्षापुरते न देता काही वर्षांसाठी द्या, आणि ते कसे वापरायचे हे काम करणाऱ्यांना ठरवू द्या.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या अर्जात अट असते की प्रशासकीय खर्च अमुक टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वाचायला ती रास्त वाटते. देणगीचा पैसा ऑफिसच्या सजावटीवर जाऊ नये, असं कुणालाही वाटेल. पण त्या रकान्यात काय काय कोंबलं जातं ते पाहा. समुपदेशकाचा पगार, आधारगृहाचं भाडं, फोनचं बिल, रात्रपाळीच्या कार्यकर्तीला घरी सोडणारी गाडी, नोंदी कुलूपबंद ठेवायची व्यवस्था. थोडक्यात, सगळं कामच तिथे आहे. ‘कार्यक्रम’ या रकान्यात उरतात शिबिरं, मेळावे आणि माहितीपत्रकं. त्या माहितीपत्रकावर हेल्पलाइनचा नंबर ठळक छापलेला असतो. तो नंबर लागल्यावर फोन उचलणाऱ्या बाईच्या पगाराला मात्र देणगीदार मिळत नाही.

तो फोन कसा असतो ते सांगते. आम्ही आधी ‘काय झालं?’ असं विचारत नाही. ‘आत्ता बोललं तर चालेल ना? जवळपास कुणी आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हणा.’ पलीकडून ‘नाही’ येतं आणि पाठोपाठ नळ सोडल्याचा आवाज. आपला आवाज दाराबाहेर जाऊ नये म्हणून तिने पाणी सुरू केलेलं असतं. मग हातात असतील तेवढ्या मिनिटांत नेमकं तेवढंच विचारायचं. घरात हत्यार आहे का? मुलं कुठे आहेत? दाराला आतून कडी लागते का? त्याने कधी गळा दाबलाय का? फोन मध्येच तुटला तर आपण उलटा करायचा नाही, कारण तो आता कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. ती पुन्हा करेल, अशी वाट पाहत बसायचं.

गळ्याचा प्रश्न उगाच विचारलेला नसतो. जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून त्या स्त्रीचा खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते, असं अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. गळा दाबल्याची खूण बहुतेकदा वर दिसत नाही. ती बाई स्वतःहून सांगतही नाही, कारण ‘मारलं का?’ या प्रश्नाच्या तिच्या उत्तरात ते बसत नाही. धोका किती आहे हे ओळखण्यासाठी जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधिकेने 1980 च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही अनेक देशांत वापरल्या जातात. पण प्रश्नावली हातात दिली म्हणजे झालं, असं नसतं. नळाच्या आवाजात, घाबरलेल्या बाईला, तिला आणखी न घाबरवता ते प्रश्न विचारता यायला शिकावं लागतं. शिकायला वेळ लागतो, शिकवणारं माणूस लागतं, आणि शिकलेली व्यक्ती टिकावी लागते. हा सगळा खर्च तुमच्या हिशेबात ‘प्रशासकीय’ ठरतो.

आकडेमोड अगदी साधी आहे. आठवड्याचे तास 168. एका व्यक्तीने आठवड्याला 40 तास काम केलं तरी फोनजवळची एकच खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायला चार जण पुरत नाहीत. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पाच लागतात. एका खुर्चीमागे पाच पगार. दोन पगारांची देणगी घेऊन चोवीस तासांची हेल्पलाइन चालवल्याचं कुणी सांगत असेल, तर तिथे कुणीतरी झोपेविना काम करतंय किंवा फोन वाजून वाजून बंद होतोय.

शेजारी माणूस असल्याने खरंच फरक पडतो का, हा प्रश्न विश्वस्त म्हणून तुम्ही विचारायलाच हवा. त्याचं उत्तरही आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात क्रिस सुलिव्हन आणि देबोरा बायबी या संशोधकांनी आधारगृहातून बाहेर पडणाऱ्या 278 स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटातल्या प्रत्येकीला प्रशिक्षण घेतलेली एक सोबतीण मिळाली, दहा आठवडे, आठवड्यातले काही तास. तिने उपदेश करायचा नव्हता. घर, नोकरी, मुलांची शाळा, वकील, कर्ज, यांपैकी त्या बाईला जे हवं असेल ते मिळवून द्यायला बरोबर फिरायचं होतं. दुसऱ्या गटाला नेहमीच्या सेवा होत्या. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुढच्या दोन वर्षांत एकदाही मारहाण न झालेल्या स्त्रिया पहिल्या गटात साधारण चारात एक होत्या, दुसऱ्या गटात दहात एक. दहा आठवड्यांची सोबत संपल्यावरही दोन वर्षं टिकलेला परिणाम आहे हा. चारात एक हे प्रमाण मला पुरेसं वाटत नाही, तुम्हालाही वाटणार नाही. पण दुपटीहून मोठा हा फरक एका माणसाच्या वेळेने पडला. त्यात इमारत नव्हती, यंत्रं नव्हती.

बलात्कारानंतर इस्पितळात पोचलेल्या स्त्रियांबद्दलही हेच दिसतं. अमेरिकेतल्याच संशोधिका रिबेका कॅम्पबेल (वरच्या जॅकलिन कॅम्पबेल वेगळ्या) यांनी 2006 साली दोन इस्पितळांची तुलना मांडली. एकात अशा वेळी सोबतीला प्रशिक्षित कार्यकर्ती येत असे, दुसऱ्यात नाही. जिथे ती होती तिथे स्त्रियांना औषधोपचार अधिक पूर्ण मिळाले, पोलिसांनी तक्रार नोंदवून घेण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि त्या सगळ्या सोपस्कारात नव्याने बसणारे घाव कमी होते. इथे वेळेलाही फार महत्त्व आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, गर्भधारणा रोखणारी गोळी पाच दिवसांच्या आत, आणि दोन्ही जितकी लवकर तितकी चांगली. हे त्या क्षणी तिला कोण सांगणार? इस्पितळातल्या गर्दीत जिचं काम फक्त हेच आहे, तीच.

आणखी एक गोष्ट, जी आत गेल्याशिवाय सहसा कळत नाही. तपासणीत तिच्या अंगावरचे कपडे पुरावा म्हणून काढून घेतले जातात. सगळं आटोपल्यावर ती इस्पितळाच्या गाउनमध्ये बसलेली असते आणि घरी जायला अंगात घालायला काही नसतं. आमच्या कपाटात यासाठी वेगवेगळ्या मापांचे साधे, नवे कपडे, नवी अंतर्वस्त्रं आणि चपला ठेवाव्या लागतात. तुमच्या कर्मचाऱ्यांनी भावनेने जमवून पाठवलेल्या जुन्या कपड्यांची पोती येतात, तेव्हा ती निवडण्यात एका कार्यकर्तीचा दिवस जातो आणि त्यातून हव्या त्या मापाची नवी अंतर्वस्त्रं निघत नाहीत. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण त्याऐवजी रोख रक्कम आली असती, तर आम्ही त्याच संध्याकाळी हवं ते आणलं असतं.

आता देणगीच्या पाटीविषयी. मोठी रक्कम दिल्यावर दारावर नाव लागावं, उद्घाटनाला फोटो व्हावा, विश्वस्त मंडळाने एकदा येऊन पाहून जावं, ही इच्छा मी समजू शकते. पण बहुतेक आधारगृहांचा पत्ता गुप्त असतो, आणि तो गुप्त ठेवावाच लागतो. जोडीदाराला सोडून गेल्यानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात. आता ती हातची जाते आहे हे कळल्यावर तो शोधायला निघतो. तिच्या माहेरी, मैत्रिणींकडे, मुलांच्या शाळेत. अशा घरावर पाटी लावता येत नाही. पंधरा पाहुण्यांना गाडीतून आणता येत नाही. फोटोत खिडकीबाहेरचं दुकान दिसलं तरी ठिकाण ओळखता येतं. म्हणून आम्ही भेटीला नकार देतो, तेव्हा आमच्याकडे लपवण्यासारखं काही आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. लपवण्यासारखं आहेच, पण ते हिशेबात नाही.

तिच्या कहाणीचंही तसंच. ‘एखाद्या लाभार्थीची यशोगाथा, शक्यतो छायाचित्रासह’ अशी ओळ तुमच्या अहवालाच्या नमुन्यात असते. नाव बदला, चेहरा धूसर करा, अशी सूचनाही त्याखाली असते. पण ज्याच्यापासून ती लपली आहे त्याला ओळखायला चेहरा लागत नाही. हातावरचा डाग, मुलांची वयं, कोणत्या महिन्यात घर सोडलं, एवढं त्याला पुरतं. आणि समजा तोही धोका नसला, तरी जी बाई आमच्या छताखाली झोपते, आमच्याकडून जेवते, तिला ‘तुझी गोष्ट छापू का?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ कशी म्हणेल? तिचा होकार खरा आहे की नाही हे मला ओळखता येत नाही, म्हणून मी विचारतच नाही. अनेक देशांच्या कायद्यानेही ही काळजी घेतली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. अमेरिकेत 2005 च्या कायद्याने, सरकारी अनुदान घेणाऱ्या अशा संस्थांना मदत घेणाऱ्यांची ओळख पटेल अशी माहिती बाहेर देण्यास मनाई केली. सरकारने आपल्या अनुदानासोबत जी मर्यादा पाळायची ठरवली, ती खासगी देणगीदारांनी पाळू नये याला कारण मला दिसत नाही.

यशाच्या मोजमापाबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. ‘किती स्त्रिया हिंसक नात्यातून कायमच्या बाहेर पडल्या?’ असा आकडा तुम्ही मागता. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काही जणी परत जातात. मुलं तिथे असतात, पैसे नसतात, घराची कागदपत्रं त्याच्याकडे असतात, तिच्या नावावर त्याने काढलेलं कर्ज असतं, किंवा तिला अजून त्याच्याबद्दल आशा असते. ती गेली की तुमच्या नमुन्यात तो आमचा अपयशाचा रकाना होतो. पण जाताना तिच्याकडे आमचा नंबर पाठ असतो, ओळखपत्राच्या प्रती आमच्या कपाटात असतात, मैत्रिणीकडे थोडे पैसे ठेवलेले असतात, आणि धाकट्याला ‘अमुक शब्द म्हटला की शेजारच्या काकूंकडे पळायचं’ हे शिकवलेलं असतं. पुढच्या वेळी ती याच्या जोरावर निघते. त्या पुढच्या वेळेपर्यंत तुमच्या देणगीची मुदत संपलेली असते, म्हणून ती कुणाच्याच अहवालात येत नाही. निर्णय तिचा आहे हे मान्य करायचं असेल, तर तिने आपल्या मनासारखा निर्णय घेतला नाही म्हणून संस्थेचे गुण कापता येणार नाहीत.

मुदत हा सगळ्याच गोष्टींतला काटा आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो. मुलांच्या ताब्याचा वाद त्याहून लांबतो. देणगी येते बारा महिन्यांची, आणि त्यातले शेवटचे तीन महिने पुढच्या अर्जात जातात. समुपदेशक वर्षाच्या करारावर असते, तिला दुसरीकडे स्थिर नोकरी मिळाली की ती जाते, आणि तिने जाऊ नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मग जिने एकदा सगळं सांगून टाकलं होतं तिला नव्या माणसासमोर पहिल्यापासून सांगावं लागतं. काही जणी तिथेच थांबतात.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं उदाहरण या ठिकाणी सांगण्यासारखं आहे. 2009 साली तिथल्या पोलिसांच्या गोदामात बलात्काराच्या पुराव्यांच्या 11,000 हून अधिक न तपासलेल्या पेट्या सापडल्या. प्रत्येक पेटीमागे एक व्यक्ती होती, जिने ती कित्येक तासांची तपासणी सहन केली होती आणि काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली होती. सरकारी वकील किम वर्दी यांनी पाठपुरावा केला. सरकारी पैसा अपुरा पडला तेव्हा तिथल्या स्त्रियांच्या निधीने आणि इतर संस्थांनी मिळून देणग्या उभ्या केल्या. पेट्या तपासल्या गेल्या आणि शेकडो सराईत गुन्हेगारांचा माग लागला. देणगीने काय होऊ शकतं याचं इतकं ठोस उदाहरण क्वचित मिळतं. पण प्रयोगशाळेचं बिल भागवल्यावर काम संपलं नाही. तपास करायला माणसं हवी होती. आणि इतक्या वर्षांनी त्या स्त्रियांना फोन करून ‘तुमची पेटी आता उघडली आहे’ हे सांगायलाही माणसं हवी होती. हा निरोप कसा द्यायचा, घरात तिने ही गोष्ट कुणाला सांगितलेलीच नसेल तर काय, यावर वेगळं संशोधन करावं लागलं. पेटीची तपासणी एकदा होते. त्यानंतरची सोबत खटला संपेपर्यंत लागते.

‘हे सरकारचं काम आहे’ असं तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणेल. ते खरं आहे, आणि आम्ही सरकारकडे भांडतोच. पण सरकारी पैशाला ओहोटी लागते. अमेरिकेत 1984 साली गुन्हेगारांकडून वसूल होणाऱ्या दंडातून पीडितांसाठी निधी उभा केला. कल्पना उत्तम होती. पुढे दंडाची वसुली घटली तशी अनुदानं आटली आणि 2021 साली कायदा दुरुस्त करावा लागला. 2025 मध्ये परदेशी मदतीत मोठी कपात झाल्यावर यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांसाठीच्या संस्थेने संकटग्रस्त देशांतल्या स्त्रियांच्या संस्थांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्या संस्थांनी सहा महिन्यांत बंद पडू शकतो असं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्याच अंदाजानुसार 2023 साली जगभरात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्याच कुणाच्या हातून मारल्या गेल्या. म्हणजे रोज 140.

अटी न घालता पैसे दिले तर संस्था ते उधळतील, ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. अमेरिकेतल्या देणगीदार मॅकेंझी स्कॉट यांनी 2020 पासून दोन हजारांहून अधिक संस्थांना मोठ्या रकमा विनाअट दिल्या. सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी या संस्थेने पैसे मिळालेल्या संस्थांचा काही वर्षं मागोवा घेतला. पैसे संपल्यावर संस्था कोसळतील असं जे भाकीत होतं ते बहुतांशी खरं ठरलं नाही. संस्थांनी राखीव निधी ठेवला, पगार सुधारले, रखडलेलं काम हाती घेतलं. त्याआधीचंही उदाहरण आहे. 1971 साली लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी एक लहानसं घर मिळवलं, ते बायकांना एकत्र बसायला जागा असावी म्हणून. मार खाल्लेल्या बायका मुलांना घेऊन तिथे येऊ लागल्या आणि त्या घराचं आधारगृह झालं. त्या घराचा पैसा ‘बैठकीपुरताच’ अशा अटीवर आला असता, तर येणाऱ्या बाईला दारातून परत पाठवावं लागलं असतं.

विनाअट म्हणजे विनाहिशेब नव्हे. आमचे लेखापरीक्षित हिशेब मागा. नोंदी कोण पाहू शकतं, तक्रार आमच्याच कर्मचाऱ्याविरुद्ध असेल तर ती कुणाकडे जाते, रात्री एकटी काम करणारी कार्यकर्ती सुरक्षित आहे का, आमच्या विश्वस्त मंडळात हिंसा सोसलेल्या किती जणी आहेत, हे खोदून विचारा. मोठा मुलगा बरोबर आहे म्हणून, चाकाची खुर्ची आत येत नाही म्हणून, किंवा अत्याचार सोसणारी व्यक्ती पुरुष किंवा ट्रान्सजेंडर आहे म्हणून आम्ही कुणाला परत पाठवतो का, हेही विचारा. या प्रश्नांनी आम्ही सुधारू. यशोगाथेच्या रकान्याने कुणी सुधारलेलं मी पाहिलं नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत अर्जाचा नमुना समोर येईल, तेव्हा तीन बदल करा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा काढून टाका किंवा पगार आणि भाडं तिच्याबाहेर ठेवा. मुदत किमान तीन वर्षांची करा. छायाचित्र आणि कहाणीची ओळ खोडा. आणि शक्य असेल तर देणगीचा एक छोटा भाग असा ठेवा, जो कार्यकर्तीला कुणाला न विचारता त्याच दिवशी खर्च करता येईल: कुलूप बदलायला, गाडी ठरवायला, घराची अनामत भरायला, नवा फोन घ्यायला. जी आज निघायला तयार आहे तिला मंजुरी येईपर्यंत थांबा म्हणता येत नाही.

यातला कोणता बदल तुमच्या नियमांत बसत नाही आणि का, हे कळवलंत तर त्यावर बोलायला मी आनंदाने येईन. फक्त रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीची वेळ देऊ नका.

आपली,
आधारगृहातील एक समुपदेशक